भोपळ्याखालची चुंबळ

मी एक जुनी चुंबळ आहे आणि सध्या एका लाल भोपळ्याखाली बसले आहे, त्यामुळे तुम्हाला चटकन दिसणार नाही. भाजीच्या दुकानात पहिल्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, तो भोपळा आहे बघा. गोल गरगरीत, तरी न गडगडणारा. तो गडगडत नाही याचं श्रेय लोक भोपळ्यालाच देतात. देऊ देत.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी चुंबळ पाहिलीही नसेल. डोकं असतं गोल आणि पाटीचा तळ असतो सपाट, तेव्हा त्या दोघांचं काही केल्या पटत नाही. पाटी टाळूला टोचते, डगमगते, मान अवघडते. म्हणून मधे कापडाचं गोल वेटोळं ठेवतात. तेच मी. ओझं आणि माणूस यांच्यामध्ये बसायचं आणि दोघांचंही निभावून न्यायचं, एवढंच माझं काम.

मला जिनं बनवलं ती या घरातली बाजारात उतरलेली पहिली बाई. तिची मान इतकी सरळ की सगळे तिला ताठबाई म्हणत. घरामागच्या वाफ्यात तिनं मुळे लावले होते. ते घरात खाऊन संपेनात, तेव्हा तिनं पाटी भरली. मग फाटक्या पोत्याची सुतळी उसवून तिचा पीळ घातला, त्यावर नवऱ्याच्या विरलेल्या सदऱ्याचं निळ्या चौकड्यांचं कापड गुंडाळलं आणि मी जन्माला आले. पहिल्या दिवशी माझा घेर जास्त झाला होता. मी घसरत घसरत तिच्या भुवयांवर आले आणि वर पाटी. शेजारीण म्हणाली, "अगं, तुला दिसतंय का काही? का मुळेच रस्ता दाखवणार?"

ताठबाईनं मला तिथल्या तिथे सोडवलं, आवळून बांधलं आणि पुढे चालू लागली. त्यानंतर मी कधी घसरले नाही.

पुढे तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा तिनं मला सुनेच्या हातात दिलं.

"तुझ्या जुन्या कापडाची एक पट्टी वरून गुंडाळ," ती म्हणाली. "आतलं काढायचं नाही."

"आतलं मळलंय की हो, सासूबाई."

"मळू दे. मळलेलं कापड बसायला शिकलेलं असतं. नवं नुसतं घसरतं."

तेव्हापासून हा घराचा नेमच झाला. जी ओझं उचलेल तिनं आपली पट्टी वर चढवायची आणि आधीचीला हात लावायचा नाही.

या सुनेनं राखाडी पट्ट्यांच्या जुन्या चादरीची चिंधी गुंडाळली. तिचा स्वतःचाही एक नेम होता. पाटी उचलण्याआधी ती मला दोन्ही हातांनी कपाळाला लावायची आणि हळूच म्हणायची, "मान शाबूत ठेव, बाकी मी बघते." माल विकून आली की आधी मला झटकून खुंटीला लावायची, मगच पाणी प्यायची. ताप असो, थंडी असो, हे चुकलं नाही. तिच्या डोक्यावरून मी कांदे पाहिले, गाजरं पाहिली, कोबीचे गड्डे पाहिले. पाहिले म्हणजे सोसले. पण कामाची सवय लागली की जड काय आणि हलकं काय. पुढे या बाईला सारे आजी म्हणू लागले, तर आपणही तिला आजीच म्हणू.

आजीच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. हसरी होती. पायऱ्या चढताना गुणगुणायची. तिला एक मुलगी झाली.

मुलगी बोलू लागली त्या वर्षी थंडी फार लांबली. वाफ्यातली पालेभाजी एका रात्रीत काळी पडली. आजीची मान धरली ती सुटेना. मुलगा दोन वर्षांसाठी लांबच्या घाऊक बाजारात पोती उचलायला गेलेला. घरात विकायला काही नाही आणि विकणारंही कुणी नाही. तेव्हा सून मला खुंटीवरून काढून म्हणाली, "मी जाते."

"काय घेऊन जाशील? दगड?" आजीनं अंथरुणातूनच विचारलं.

"गिरणीमागे तुती लागलीय."

गिरणीमागे तुतीचं मोठं झाड होतं. फळं पिकायची, गळायची, पायांखाली जायची. ती कुणी विकत नसे. तुती म्हणजे बोट लावलं की रडणारं फळ, हातगाडीवर घातलं तर गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याचं सरबत होतं. सुनेनं पाटीत पानं अंथरली, त्यावर तुती एकेरी थरात ठेवली आणि पाटी डोक्यावर घेऊन अशी चालली की मला वाटलं आम्ही पाण्यावरून जातो आहोत. चालणाऱ्या माणसाच्या मानेइतकी मऊ गाडी अजून कुणी बनवलेली नाही, हे मी अनुभवानं सांगते.

माल दुपारच्या आत संपायचा. पण किती जपलं तरी रस पाझरायचाच. पाटीतून माझ्यात, माझ्यातून तिच्या केसांत. ती घरी यायची तेव्हा तिचा भांग जांभळा झालेला असायचा. मुलगी मांडीवर चढून तिच्या केसांत बोटं फिरवायची आणि मग आपल्या बोटांकडे बघत बसायची.

"आई, तुझे केस जांभळे."

"होय बाई. तू पाटी घेतलीस की तुझे पण होतील."

सुनेनं नेमाप्रमाणे आपली पट्टी माझ्यावर चढवली होती. उशीच्या अभ्र्याची, पांढरी. हंगाम संपेपर्यंत ती पांढरी राहिली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. तुतीचा आणि तापाचा काही संबंध नव्हता. पण गल्लीतल्या बायका नळावर बोलल्या, "कोवळ्या पोरीला राबवलं. ओझ्यानंच गेली." आजीनं ते ऐकलं. घागर अर्धी भरलेली तशीच उचलून ती घरी आली.

त्या दुपारी आजी दारात बसली. एका हातात मी, दुसऱ्या हातात कात्री. माझी वरची पट्टी गडद जांभळी होती. जो बघेल त्याला कळलं असतं की सुनेनं पाटी उचलली होती. आजीनं कात्रीचं टोक पट्टीखाली घातलं, एक दोरा कापला आणि थांबली. मग कात्री ठेवून दिली. तीच राखाडी चादर पुन्हा काढली, आणखी एक पट्टी फाडली आणि जांभळ्यावर गुंडाळून टाकली. काहीच दिसेनासं झालं. त्यानंतर तिनं मला कपाळाला लावलं, पण नेहमीचं वाक्य काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सांगू लागली, "माझ्या सुनेनं कधी पाटीला हात लावला नाही. नाजूक होती. घरातच असायची." आधी नळावर सांगितलं, मग नातेवाइकांना, मग परत आलेल्या मुलाला, आणि शेवटी त्या लहान मुलीलाही. ज्यांनी सुनेला पाटी घेऊन जाताना पाहिलं होतं, तेही हळूहळू मान डोलावू लागले. खोटं पहिल्या दिवशी जड जातं. रोज उचललं की मान सरावते.

मित्रांनो, मी आजीला वाईट म्हणणार नाही. भीतीपोटी तिनं सुनेला झाकलं. पण कापून काढलं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मुलानं दुसरं लग्न केलं. नवी बाई भली होती, बाजारात ओटा मिळाला तेव्हा त्यावर तीच बसायची. तिला मुलगा झाला. सावत्रपणाचा काच त्या घरात नव्हता. पण मुलगी जेव्हा जेव्हा म्हणायची, "माझ्या आईचे केस जांभळे होते," तेव्हा तेव्हा घर हसायचं. धाकटा भाऊ तर गाणंच करायचा. "जांभळ्या केसांची आई, हिरव्या नाकाची मावशी!" हळूहळू मुलीनं म्हणणं सोडलं. आपल्याला स्वप्न पडलं असेल, असं ती धरून चालली.

मोठी झाल्यावर तीच मला डोक्यावर घेऊ लागली. तिनं हिरव्या फुलांच्या झग्याची पट्टी चढवली. चढवताना तिनं विचारलं होतं, "आजी, आत काय काय आहे गं?"

"आत सगळं आहे," आजी म्हणाली. "उघडू नकोस."

ती शब्दाची पक्की. तिनं उघडलं नाही.

मग तिच्या वडिलांची हातगाडी आली. मग ओट्याचं दुकान झालं, छत आलं, काटा आला. माझं काम संपलं. काही दिवस मी खुंटीवर होते. मग टेबलाचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली गेले. एकदा तर सांडलेलं पाणी पुसायला मला घेतलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी भोपळ्याखाली आले. तिथे निदान गोल वस्तूशी गाठ होती.

आता ती मुलगी म्हातारी झाली आहे. सारी गल्ली तिला आत्या म्हणते. दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसून ती शेंगा निवडते. धाकटा भाऊ दुकानाचा मालक, आणि त्याची मुलगी, म्हणजे आत्याची भाची, काट्यावर असते.

मध्यंतरी दुकानाच्या नावाची पाटी नवी करायची ठरलं. रंगारी आला. अक्षरं आखून झाल्यावर त्यानं पेन्सिल कानामागे खोचली.

"दुकान जुनं आहे म्हणता, तर खाली एका ओळीत टोपल्या काढतो. घरातल्या ज्या ज्या माणसानं हा धंदा केला, त्या एकेकाची एक. झकास दिसेल. किती काढू?"

"दोन," मालक म्हणाले. "एक वडिलांची, एक माझी."

"बाबा!" भाची काट्यावरूनच ओरडली. "आणि तुमच्या वडिलांची आई? तिनं काय डोक्यावर मोरपीस वाहिलं?"

"बरं, तिची एक."

"तिच्या सासूची? ताठबाईची?"

"तिची पण काढ बाबा. आणखी कोण आहे का स्वर्गात, सगळ्यांनाच बोलव."

"तुमच्या आईची. ती ओट्यावर बसायची. आणि आत्याची. आणि माझी."

रंगारी बोटांवर मोजत होता. "ताई, मी पाटी रंगवायला आलोय, भिंत नाही."

तेवढ्यात आत्या शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "माझ्या आईची एक."

मालकांनी घसा खाकरला.

"ताई, जी बाजारात कधी आलीच नाही तिची टोपली कशी काढायची? आजीच सांगायची ना, घरातच असायची म्हणून. उद्या ह्या रंगारीबुवांचीही काढावी लागेल."

"माझी नको," रंगारी म्हणाला. "मला भाजी परवडत नाही."

"आणि काढायची तर कशी काढू, जांभळ्या केसांची?" मालक हसले. सवयीनं हसले, मनात काही नव्हतं.

"असू दे," आत्या म्हणाली. "नको काढू."

ती पुन्हा शेंगा निवडू लागली. पण मी फळीवरून बघत होते. चांगल्या शेंगा ती किडक्यांच्या ढिगात टाकत होती.

भाचीनं ते पाहिलं. रात्री गल्ला बंद करताना तिनं विचारलं, "आत्या, तुला नक्की आठवतंय का काही?"

"मांडी आठवते. केस आठवतात. बोटं जांभळी झालेली आठवतात." आत्यानं स्टूल उचलून आत ठेवलं. "लहान पोराला काय, काहीही आठवतं. पण पोरी, सगळ्यांच्या टोपल्या लागल्या आणि तिचीच नाही, असं झालं तर ती होऊन गेली म्हणायला माझ्याशिवाय कोण? आणि मी काय, पिकलं पान."

मला सगळं ठाऊक होतं. पण चुंबळीला तोंड नसतं. शिवाय माझ्या डोक्यावर भोपळा होता.

त्या भोपळ्यानंच काम केलं. तो आतून नासला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. रंगारी टोपल्या काढायला परत येणार त्याच सकाळी त्याचा तळ फुटला आणि सगळा लगदा माझ्यात उतरला. मालकांनी नाक धरून भोपळा सडक्या मालाच्या पिंपात टाकला आणि पाठोपाठ मलाही.

मित्रांनो, पिंपात काय असतं ते सांगत नाही. वास तुमच्यापर्यंत यायला नको.

"बाबा, ती आत्याची चुंबळ आहे!" भाचीनं कोपरापर्यंत हात घालून मला बाहेर काढलं. "आत्या, ही आतपर्यंत भिजलीय. अशीच ठेवली तर कुजेल. उघडून सुकवायला हवी."

आत्यानं मला हातात घेतलं.

"आजीनं उघडायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मग टाकू?"

आत्यानं विचार केला. मला वाटतं तिला नेमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती होती. बंद होते तोवर माझ्यात सगळं होतं. उघडल्यावर नसलं तर?

"ताठबाईचा मूळ शब्द काय होता," ती शेवटी म्हणाली, "आतलं काढायचं नाही. म्हणजे टाकायचं नाही. धुऊन, सुकवून पुन्हा होतं तस्सं ठेवलं तर नेम मोडत नाही." आणि देवाला विचारावं तसं वर बघून, "चालेल ना?" असं पुटपुटली.

मागच्या अंगणात उपड्या खोक्यावर मला ठेवलं. लख्ख ऊन होतं. भाचीनं आधी हिरवी फुलं सोडली.

"ही माझी," आत्या म्हणाली.

मग राखाडी पट्टे. "ही आजीची. ही चादर मी पांघरलेली आहे."

"आता ताठबाईची निळी चौकडी येणार," भाची म्हणाली, आणि पट्टी उलगडता उलगडता थांबली. "आत्या, ही निळी नाही."

खाली जांभळं होतं. इतकी वर्षं उजेड न लागल्यानं रंग टिकला होता, जरा काळपट झाला होता इतकंच. भाचीनं ती पट्टी अलगद बाजूला घेतली, तर खाली पुन्हा राखाडी पट्टे. तीच चादर. आणि त्याखाली निळी चौकडी.

"आजी, मग ही, मग पुन्हा आजी," भाची सावकाश म्हणाली. "म्हणजे आजीच्या बाजारच्या दिवसांत मधेच कुणीतरी पाटी घेतली होती. आणि आजीनं वरून पुन्हा आपली पट्टी घातली. बाबा, इकडे या!"

मालक हात पुसत आले. वाकून बघितलं.

"वांग्याचा डाग असेल."

"वांगं कधी रंग सोडतं का?" आत्या म्हणाली. "दुकानदार ना रे तू?"

"मग बीट."

"बिटाचा डाग एका धुण्यात जातो." ती पट्टीच्या घडीतून नखानं काहीतरी काढत होती. वाळून काळं झालेलं, केसाएवढं बारीक देठ. तिनं ते तळहातावर ठेवलं. "ही तुती आहे. आणि ही चिंधी अभ्र्याची आहे. त्या जोडीतला दुसरा अभ्रा अजून माझ्या पेटीत आहे. आईची तेवढीच एक वस्तू मला मिळाली होती."

भाची धावत जाऊन अभ्रा घेऊन आली. कडेची शिवण पट्टीच्या शिवणीला लावली. एकच टाका, एकच हात.

आत्यानं ओली पट्टी बोटांत चोळली. मग बोटं उन्हात धरून बघितली. इतक्या जुन्या डागाचा रंग बोटांना काय लागणार, पण भोपळ्याच्या पाण्यानं ती भिजलेली होती, आणि बोटांच्या टोकांना अगदी फिकी, जेमतेम जांभळी झाक आली. माझ्या डोळ्यांना तरी आली.

"केस जांभळे होते," ती म्हणाली. फक्त एवढंच.

मालक खोक्याच्या कडेवर टेकले.

"ताई," ते म्हणाले, "आता तुला चिडवायला माझ्याकडे काही उरलं नाही."

"हिरव्या नाकाची मावशी आहे की," आत्या म्हणाली.

मग दोघं हसली. हसता हसता आत्यानं डोळे पुसले आणि मालक उगाचच आभाळाकडे बघू लागले.

संध्याकाळपर्यंत मी खडखडीत वाळले. आत्यानं मला पुन्हा गुंडाळलं, होतं त्याच क्रमानं. फक्त जांभळ्या पट्टीची एक कडा तिनं बोटभर बाहेर ठेवली. मग भाचीनं खिशातला जुना रुमाल काढला.

"आत्या, मी कधी डोक्यावर पाटी घेतली नाही. माझी पट्टी चालेल का?"

"पिंपात हात घालून हिला कुणी उचललं?"

"मी."

"मग झालं. उचललं ते उचललं."

बाहेर रंगारी शिडीवर होता. मालकांनी खालून हाक मारली, "बुवा, आणखी एक टोपली. आजीच्या आणि माझ्या आईच्या मधे."

"जागा नाही हो तिथे!"

"त्या दोघी जरा सरकतील. चांगल्या आहेत."

रंगाऱ्यानं कुरकुरत फडकं ओलं केलं, दोन टोपल्या पुसून जरा बाजूला पुन्हा काढल्या आणि मधे तिसरी आखली. "हिच्यात काय भरू?"

मालकांनी आत्याकडे बघितलं. आत्या स्टुलावरून उठून रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. मान वर करून. तेव्हा मला दिसलं, तिची मान अजून सरळ आहे.

"तुती," ती म्हणाली. "काठोकाठ भर. आणि खाली थोडा रंग ओघळू दे. ओघळायचाच तो."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमच्याही घरात एखादी चुंबळ असेल, किंवा तिच्यासारखं दुसरं काही असेल. कळकट, कुठेतरी टेकू म्हणून लावलेलं. टाकण्याआधी ते उन्हात ठेवून एकदा उलगडून बघा, आणि पुन्हा होतं तसं ठेवा. आणि घरातलं लहान किंवा म्हातारं माणूस काही विचित्र सांगू लागलं, तर हसण्याआधी दोन प्रश्न विचारा. एवढं माझं मागणं आहे.

आता पुरे. नवा भोपळा आला आहे. चांगला जड आहे, पण मला सवय आहे.